दमदार मोटारीचा स्वयंचलित गिअरबॉक्स : अश्वशक्तीपेक्षा टॉर्कचा हिशेब महत्त्वाचा

पिरियापट्टण (म्हैसूर) : म्हैसूरहून मडिकेरीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग २७५ पिरियापट्टणच्या तंबाखूच्या शेतांपर्यंत बहुतांशी सपाटीवरूनच जातो. कुशालनगर ओलांडले की कोडगूचा चढ सुरू होतो आणि समुद्रसपाटीपासून साडेअकराशे मीटरच्या आसपास असलेल्या मडिकेरीपर्यंत वळणे संपत नाहीत. इंजिनाची ताकद वाढवून घेतलेल्या मोटारीच्या स्वयंचलित गिअरबॉक्सची परीक्षा अशाच रस्त्यावर होते. सपाटीवर पूर्ण ताकद काही सेकंदच वापरली जाते. भरलेली गाडी घाट चढत असताना मात्र भार दीर्घकाळ कायम राहतो.

असा गिअरबॉक्स निवडताना ग्राहकाचा पहिला प्रश्न बहुधा अश्वशक्तीचा असतो. तो अपुरा आहे. अश्वशक्ती टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पिळण्याचा जोर, आणि इंजिनाच्या फेऱ्या यांच्या गुणाकारातून ठरते. मिनिटाला २,००० फेऱ्यांवर ४५० न्यूटन-मीटर टॉर्क देणारे डिझेल इंजिन त्या क्षणी १२८ अश्वशक्ती देते. ७,००० फेऱ्यांवर २०० न्यूटन-मीटर देणारे पेट्रोल इंजिन सुमारे २०० अश्वशक्ती देते. कागदावर दुसरे इंजिन बलवान ठरते. पण गिअरबॉक्सचे दाते, शाफ्ट आणि क्लच यांवर पडणारा जोर पहिल्या इंजिनाचा सव्वादोन पट असतो.

भारतीय बाजारातील आकडे याच दृष्टीने वाचावे लागतात. २०२१ मध्ये आलेल्या टोयोटा फॉर्च्युनरच्या २.८ लिटर डिझेल इंजिनाची ताकद दोन्ही प्रकारांत २०४ अश्वशक्ती. मात्र टॉर्क मॅन्युअल गिअरबॉक्ससह ४२० आणि स्वयंचलित गिअरबॉक्ससह ५०० न्यूटन-मीटर. महिंद्रा एक्सयूव्ही७०० च्या १८५ अश्वशक्तीच्या डिझेलमध्ये हेच आकडे ४२० आणि ४५०. स्वयंचलित गिअरबॉक्स नाजूकच असतो, हा समज त्यामुळे जुना झाला आहे.

काही निर्माते टॉर्कची मर्यादा गिअरबॉक्सच्या नावातच सांगतात. जर्मनीच्या झेडएफ कंपनीच्या आठ गिअरच्या मालिकेत ८एचपी४५, ८एचपी७०, ८एचपी९० अशी नावे होती. शेवटचा आकडा दहाने गुणला की न्यूटन-मीटरमधील मर्यादा साधारण मिळते. अमेरिकेत डॉज कंपनीने २०१५ च्या हेलकॅट मोटारींसाठी यातील ८एचपी९० निवडला. त्या इंजिनाची ताकद ७०७ अश्वशक्ती, टॉर्क सुमारे ८८० न्यूटन-मीटर. म्हणजे कारखान्यातच मर्यादेला टेकलेली जोडी.

टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्समध्ये इंजिन आणि चाके यांच्यामध्ये तेल असते. ते धक्का शोषते, शिवाय गाडी जागेवरून उचलताना टॉर्क जवळपास दुप्पट करते. गाडीला त्याचा फायदा होतो. आतील क्लचला मात्र तेवढा वाढीव जोर सोसावा लागतो. म्हणूनच आधुनिक मोटारींमध्ये संगणक सुरुवातीच्या गिअरमध्ये आणि गिअर बदलण्याच्या क्षणी इंजिनाचा टॉर्क किंचित कमी करतो. बाहेरून इंजिनाचे प्रोग्रॅमिंग बदलताना, म्हणजे रिमॅप करताना, हे संरक्षण काढले किंवा गिअरबॉक्सच्या संगणकाला नवा टॉर्क कळवलाच नाही, तर मजबूत गिअरबॉक्सही लवकर झिजतो.

दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्समध्ये कोरडा आणि तेलात बुडालेला हा फरक निर्णायक ठरतो. फोक्सवॅगन समूहाच्या कोरड्या क्लचच्या डीक्यू२०० ची मर्यादा २५० न्यूटन-मीटर आहे. स्कोडा स्लाव्हियाचे १.५ लिटर इंजिन, १५० अश्वशक्तीचे, नेमका तेवढाच टॉर्क देते. अशा गाडीत रिमॅपने टॉर्क वाढवल्यावर हाताशी काहीच राखीव उरत नाही. २०१७ च्या ऑक्टाव्हिया आरएसमध्ये ३५० न्यूटन-मीटरसाठी तेलातील क्लच होता, तो याच कारणाने योग्य. पट्ट्यावर चालणारे सीव्हीटी आणि मॅन्युअलवरच यंत्रणा बसवलेले एएमटी शहरातील वापरास ठीक. या चर्चेत त्यांना जागा नाही.

टॉर्कइतकेच महत्त्व गाडीच्या वजनाला आणि उष्णतेला आहे. लोणावळ्याजवळ अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणाऱ्या ड्रॅग शर्यतीत एक फेरी काही सेकंदांत संपते आणि तेल थंड व्हायला अवकाश मिळतो. घाटात तो मिळत नाही. तेल फार तापले की ते पातळ होते, क्लचवरील दाब घटतो, क्लच घसरू लागतात आणि घसरण आणखी उष्णता निर्माण करते. त्यामुळे मोठ्या टॉर्कच्या गाडीला तेलाचा स्वतंत्र कूलर आणि तापमान दाखवणारा मापक हा चैनीचा खर्च मानू नये. वापरलेला गिअरबॉक्स विकत घेताना तेलाचा रंग आणि जळका वास पाहणे, हे किलोमीटरच्या आकड्यापेक्षा अधिक भरवशाचे.

दुसऱ्या मॉडेलचा गिअरबॉक्स बसवण्याआधी कायदाही पाहावा लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही भूमिका अधोरेखित केली. कलम १८२-अ नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. दंड प्रत्येक बदलासाठी वेगळा आकारला जातो.