कोरफडीचा कुलवृत्तांत



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण दरवर्षी येथे जमतो, ते आम्हांला विज्ञान शिकवीत. पण त्यांचा खरा ओढा इतिहासाकडे होता. इयत्ता नववीत असताना प्रयोगशाळेत स्पिरिटच्या दिव्यावरची तापलेली परीक्षानळी मी घाईने धरली आणि तळहात पोळला. गुरुजींनी मला सरळ विहिरीवर नेले आणि घागरीमागून घागर हातावर ओतीत राहिले. मी कंटाळलो, तरी ते थांबले नाहीत. मग कुंपणाजवळच्या कोरफडीचे एक पान कापून त्यांनी ते कलते धरले. त्यातून पिवळा द्राव निथळू लागला. मी हात पुढे केला, तेव्हा ते म्हणाले, "थांब. हे पिवळे आधी जाऊ दे. आधी पाणी, मग पान. आणि पानातलेही सगळे नव्हे."

या तीन वाक्यांतील शास्त्र मला पुष्कळ उशिरा कळले. आजच्या व्याख्यानाचा विषय म्हणून मी कोरफडीचा कुलवृत्तांत निवडला, तो त्या ऋणाची आठवण म्हणून.

कुलवृत्तांत म्हटला की मूळ गाव आले. कोरफड आपल्या परसात इतकी रुळली आहे, दाराच्या चौकटीला दृष्ट लागू नये म्हणून उलटी टांगली तरी मातीपाण्यावाचून इतकी टिकते, की ती येथलीच असे आपण गृहीत धरतो. परंतु २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या वंशशास्त्रीय अभ्यासाने तिचे माहेर अरबस्तानच्या द्वीपकल्पात दाखविले. या अभ्यासाला तिच्या नात्यातील वनस्पतींच्या जनुकांचा आधार होता. माणसाने तिला इतक्या प्राचीन काळापासून देशोदेशी नेले, की १७६८ साली युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिची शास्त्रीय नावे छापली तेव्हा एकाने ग्रंथाला भारताचे नाव दिले होते आणि दुसऱ्याने वनस्पतीला बार्बाडोस बेटाचे!

आपल्या वैद्यकातही ती आरंभापासून सर्वत्र दिसत नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अग्निदग्धाचे प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध असे चार भेद सांगितले आहेत. भाजण्याच्या खोलीनुसार केलेले हे वर्गीकरण आजच्या डॉक्टरांनाही ओळखीचे वाटेल. तेथील लेपांत तवक्षीर, चंदन, गेरू, गुळवेल आणि तूप येते. कोरफड येत नाही. शिवाय, केवळ त्वचा करपली असेल तर ती शेकावी, असाही उपदेश तेथे आहे. आजचे वैद्यकशास्त्र याच्या नेमके उलट सांगते. सुश्रुताच्या निरीक्षणशक्तीपुढे नतमस्तक व्हावे आणि हा उपचार मात्र बाजूस ठेवावा, यात विसंगती नाही. जुन्या ग्रंथांचा मान राखण्याची हीच प्रामाणिक रीत होय.

कुमारी, गृहकन्या, घृतकुमारी ही नावे आणि भाजण्याशी तिचा संबंध ठळकपणे भेटतात ते सोळाव्या शतकात, भावमिश्रांच्या 'भावप्रकाशा'त. अग्निदग्ध, विस्फोट आणि त्वचेचे विकार यांवर ती गुणकारी असल्याचे तेथे म्हटले आहे. याच ग्रंथात 'फिरंगरोगा'चे वर्णन येते, म्हणजे समुद्रमार्गे आलेल्या नव्या लोकांची चाहूल वैद्यांच्या पोथीपर्यंत पोहोचली होती.

आणि त्याच शतकात आपल्या गोव्यात दुसरा एक वैद्य लिहीत होता. गार्सिया द ओर्ता १५३४ साली येथे आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याला मान होता. भारतीय औषधींवरील त्याचा संवादात्मक ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. प्रास्ताविक संवाद संपताच पहिली वनस्पती येते ती कोरफड. तिची नावे देताना तो सांगतो, अरब तिला 'सेबार' म्हणतात आणि या किनाऱ्यावरचे लोक 'कातेकोमेर'. पोर्तुगीज लिपीने कितीही मोडतोड केली, तरी त्यातले काटे आणि कुंवार हे दोन्ही शब्द आपल्या कानाला लगेच लागतात. साडेचारशे वर्षांपूर्वी आपल्या कोणा पूर्वजाने किंवा पूर्वजेने उच्चारलेला हा शब्द छापील पानावर उरला आहे. सांगणाऱ्याचे नाव मात्र उरले नाही.

अरबी शब्दाचीही एक गंमत आहे. 'सेबार' म्हणजे 'सब्र', कोरफडीचा वाळविलेला कडू रस. धीर धरणे यासाठीचा अरबी शब्दही त्याच धातूचा. आणि तोच आपल्याकडे 'सबुरी' होऊन आला. आजीबाईच्या बटव्यातला काळा बोळ तो हाच.

त्या काळी युरोपला खरी गरज होती ती या काळ्या बोळाची, आणि तीही रेचक म्हणून. सर्वोत्तम बोळ सोकोत्रा बेटाचा मानला जाई. हे बेट पोर्तुगीजांनी १५०७ मध्ये घेतले आणि १५११ मध्ये सोडून दिले. मधल्या १५१० साली गोवा त्यांच्या ताब्यात आला होता. बेटाच्या सामरिक स्थानाइतका बोळ महत्त्वाचा नव्हता हे खरे. पण आपल्या कुंपणावरच्या झुडपाचा धागा आपल्याच भूमीच्या राजकीय इतिहासाशेजारून गेलेला आहे, हे विसरता येत नाही.

ओर्ताचा शेवट सांगितल्यावाचून हे प्रकरण मिटविता येत नाही. तो जन्माने ज्यू कुळातला, वरकरणी ख्रिस्ती. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला धर्मन्यायासनाने जाळले आणि १५८० मध्ये त्याची अस्थी उकरून जाळण्यात आली. पणजीच्या नगर उद्यानाला आज त्याचे नाव आहे. तेथे संध्याकाळी बाकावर विसावताना हा इतिहास आपल्यापैकी किती जणांना आठवतो?

भाजलेल्या त्वचेकडे आधुनिक वैद्यकाचे लक्ष गेले ते क्ष-किरणांमुळे. १९३५ साली अमेरिकेतील कॉलिन्सद्वयाने क्ष-किरणांनी पोळलेल्या एका स्त्रीच्या त्वचेवर ताजी पाने लावून गुण आल्याचे प्रसिद्ध केले. १९५३ मध्ये लशबॉ आणि हेल यांनी सशांवर किरणोत्सर्गाच्या जखमांचे प्रयोग केले. १९९५ मध्ये थायलंडमधील संशोधकांनी २७ रुग्णांच्या भाजलेल्या जखमा तपासल्या. कोरफडीचा गर लावलेल्या जखमा सरासरी सुमारे १२ दिवसांत, तर व्हॅसलीनची जाळी लावलेल्या सुमारे १८ दिवसांत भरल्या. २००७ साली थायलंडमध्येच चार अभ्यासांतील ३७१ रुग्णांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यात जखम भरण्याचा काळ सुमारे नऊ दिवसांनी कमी झाल्याचे दिसले. मात्र प्रत्येक अभ्यासात वापरलेला गर वेगवेगळ्या प्रकारचा असल्याने ठाम निष्कर्ष काढू नये, असे लेखकांनीच बजावले.

दुसरी बाजूही पाहू. १९९१ साली शस्त्रक्रियेनंतर उघड्या राहिलेल्या जखमांवर कोरफडीचा गर वापरून पाहिला गेला. नेहमीच्या उपचाराने ५३ दिवस लागले, गर लावल्यावर ८३! म्हणजे वरवरच्या भाजण्याला जे मानवते ते खोल जखमेला मानवेलच असे नाही. गर हा बहुतांशी पाणीच असतो. उरलेल्या अल्प भागातील बुळबुळीत शर्करायुक्त द्रव्ये त्वचा ओलसर ठेवतात. सालीखालच्या पिवळ्या द्रावात अ‍ॅलॉइन असते. त्याने काहींच्या त्वचेला आग होते. २००२ मध्ये अमेरिकेने दुकानांत सहज मिळणाऱ्या रेचकांतून कोरफड वगळली, ती या द्रावामुळेच. गुरुजी पान कलते का धरीत होते, हे आता ध्यानात यावे.

हा सारा इतिहास सांगण्याचे प्रयोजन केवळ कुतूहल नाही. माझ्या परिचयाच्या एका घरात लहान मुलाच्या छातीवर आंघोळीचे कढत पाणी सांडले. घरात माया होती, परसात कोरफड होती. जखमेवर भरपूर गर थापला गेला. मात्र थंड पाणी कोणी ओतले नाही, आणि इस्पितळ गाठण्यात एक रात्र गेली. मूल वाचले. व्रण मात्र त्याच्याबरोबर वाढतो आहे. त्या माऊलीला मी दोष देत नाही. तिच्यापर्यंत परंपरेचे अर्धेच वाक्य पोहोचले होते.

म्हणून ते वाक्य पूर्ण सांगतो. भाजताक्षणी वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे. बर्फ नको, दंतमंजन नको, शाई नको. त्वचा फाटली नसेल, भाजलेला भाग लहान असेल, तरच पिवळा द्राव काढून स्वच्छ गर. चेहरा, सांधे, जननेंद्रिये भाजली असतील, मोठे फोड असतील किंवा भाजलेले मूल लहान असेल, तर पाणी ओतल्यावर थेट डॉक्टर.

विद्यार्थिमित्रांनो, ओर्ताने नावे टिपली, सांगणाऱ्यांची टिपली नाहीत. ते राहिलेले काम तुमचे आहे. येत्या सुटीत आजीजवळ वही घेऊन बसा. वनस्पतीचे घरातले नाव, कोणता भाग, केव्हा लावायचा आणि केव्हा नाही, हे सारे लिहा. आणि शेजारी आजीचे नाव लिहा. मग ती वही घेऊन विज्ञानाच्या शिक्षकांकडे जा आणि प्रत्येक ओळीवर शंका विचारा. आमच्या गुरुजींना यापेक्षा वेगळी आदरांजली आवडली असती, असे मला वाटत नाही.

विहीर आता बुजली आहे. कुंपणाजवळची कोरफड मात्र आज सभागृहात येताना मी पाहिली. तिला पिले फुटली आहेत.