सांडवा कुठे गेला?

धरणांचा इतिहास शिकवताना आपण भाक्रा, कोयना अशा मोठ्या धरणांची नावे घेतो. पण एखाद्या मळेवाल्याने ओलितासाठी घातलेल्या लहानशा मातीच्या धरणालाही इतिहास असतो. तो बहुधा धरण फुटल्यावरच कोणी शोधू लागते. असेच एक धरण हवाई बेटांतील काउआई बेटावर होते. त्याचे नाव का लोको.

हवाई तेव्हा स्वतंत्र राज्य होते. 1875 मध्ये अमेरिकेशी झालेल्या करारामुळे हवाईची साखर जकातीशिवाय अमेरिकेत जाऊ लागली आणि उसाचे मळे झपाट्याने वाढले. उसाला किती पाणी लागते, हे महाराष्ट्रातल्या वाचकांना सांगायला नकोच. पाऊस पडे डोंगरांवर आणि ऊस उभा असे खालच्या सपाटीवर. म्हणून मळेवाल्यांनी स्वतःच्या खर्चाने मैलोगणती पाट खोदले आणि जागोजागी मातीचे बांध घालून तलाव केले. काउआईच्या उत्तर भागातील किलाउआ येथील मळ्यासाठी 1890 मध्ये का लोको तलाव बांधला गेला. (याच नावाचा प्रसिद्ध ज्वालामुखी हवाईच्या दुसऱ्या बेटावर आहे. त्याचा या गावाशी संबंध नाही.)

आता मातीचे धरण पाणी कसे अडवते ते पाहू. पाण्याचा दाब आडवा असतो आणि त्याला तोंड देते ते भरावाचे वजन. म्हणून असे धरण तळाशी खूप रुंद आणि माथ्याकडे निमुळते असते. चिकण मातीतून पाणी पाझरते, पण अतिशय हळू. या धरणाचा मोठा शत्रू म्हणजे माथ्यावरून वाहणारे पाणी. दगडी धरणावरून पाणी गेले तर ते काही काळ तग धरू शकते. मातीचे धरण तसे धरू शकत नाही. उतारावरून पाणी वेगाने धावते, माती उचलते आणि घळ पडते. घळ खोल झाली की तिच्यातून आणखी पाणी येते आणि ते आणखी माती नेते. एकदा सुरू झालेली ही क्रिया आपोआप वाढत जाते.

ती सुरूच होऊ नये म्हणून धरणाच्या एका बाजूला, शक्यतो टणक जमिनीत, सांडवा ठेवतात. त्याचा उंबरा धरणाच्या माथ्यापेक्षा खाली असतो, त्यामुळे जादा पाणी माथ्यापर्यंत पोचण्याआधीच बाजूने निघून जाते. सांडव्याने ओलीत वाढत नाही. कित्येक वर्षे तो कोरडाच पडून राहतो. ज्याला त्याचे काम ठाऊक नाही, त्याला ती वाया गेलेली जागा वाटली तर नवल नाही.

1971 मध्ये किलाउआचा साखरेचा धंदा बंद पडला. ऊस गेला, मळ्याची माणसे पांगली, जमिनीचे मालक बदलले. तलाव मात्र भरलेलाच राहिला आणि खालच्या ओढ्याकाठी लोक राहू लागले. 1987 मध्ये हवाईत धरण सुरक्षेचा कायदा झाला. पण का लोकोची नोंद ‘कमी धोक्याचे धरण’ अशी होती आणि सरकारी खात्याने त्याची कधीच तपासणी केली नव्हती.

2006 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तेथे कित्येक आठवडे पाऊस लागून राहिला. 14 मार्चच्या पहाटे धरण फुटले. सुमारे दीडशे कोटी लिटर पाणी ओढ्यातून समुद्राकडे गेले. सात माणसे दगावली, घरे वाहून गेली, महामार्ग तुटला.

चौकशीत मुख्य प्रश्न हाच होता, की सांडवा कुठे गेला? 2007 च्या अहवालाचा निष्कर्ष असा, की धरणाला सांडवा होता आणि तो 1997-98 च्या सुमारास जमीन सपाट करताना बहुधा बुजवला गेला. त्या वेळी स्थानिक प्रशासनाने विनापरवाना काम थांबवण्याची नोटीसही दिली होती, पण तिचा नेटाने पाठपुरावा झाला नाही. सांडवा आपण बुजवल्याचा आरोप मालकाने नाकारला. मात्र 2013 मध्ये इतरांचा जीव धोक्यात घातल्याच्या आरोपाला त्याने न्यायालयात विरोध केला नाही आणि पुढच्या वर्षी त्याला सात महिन्यांच्या कैदेची शिक्षा झाली. दरम्यान, 2007 मध्ये हवाईने धरण सुरक्षेचा नवा, अधिक कडक कायदा केला.

दोष एकट्या मालकाचा म्हणून आपल्याला मोकळे होता येत नाही. धरण बांधणारा गेला, त्याचा उपयोग संपला, तरी पाण्याचा दाब तेवढाच राहतो. जबाबदारीची नोंद मात्र कागदांत हरवते. आपल्याकडे 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले, त्याची कारणे वेगळी होती. ते सरकारी धरण होते आणि त्याचे काम अजून पुरे व्हायचे होते. पण तेही मातीचेच होते. भारतात 2021 मध्ये धरण सुरक्षा कायदा झाला. तो 15 मीटरपेक्षा उंच धरणांना आणि काही अटींवर 10 ते 15 मीटर उंचीच्या धरणांना लागू आहे. त्याहून लहान बांध त्याच्या कक्षेत येत नाहीत.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. पसरट ट्रेमध्ये ओल्या मातीचा बांध घालावा, एका कडेला माथ्यापेक्षा थोडे खाली नळीचा तुकडा बसवावा आणि मागे हळूहळू पाणी ओतावे. पाणी नळीतून जाईल, बांध टिकेल. मग नळीला बूच लावून पुन्हा पाणी ओतावे. पहिली घळ पडल्यापासून बांध फुटेपर्यंतचा वेळ मुलांनी घड्याळावर मोजावा.

त्यानंतर मुलांना घेऊन गावाजवळच्या एखाद्या तलावावर जाऊ या. बांध कोणी घातला, केव्हा घातला, आता तो कोणाच्या मालकीचा आहे, हे म्हाताऱ्या माणसांना विचारू या. आणि सर्वांत आधी सांडवा शोधू या. त्यात झुडपे वाढली असतील, राडारोडा पडला असेल, किंवा कोणी वाफे केले असतील, तर ते ग्रामपंचायतीला लेखी कळवणे हा त्या दिवसाचा गृहपाठ ठरावा.