८०८५च्या असेंब्ली भाषेसाठी एडिटरची सोय कशी करावी



आपल्यापैकी ज्यांनी महाराष्ट्रात इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटरचा डिप्लोमा वा डिग्री केली, त्यांना ८०८५चे किट नक्की आठवत असेल. छोटा कीपॅड, लाल आकड्यांचा डिस्प्ले, शेजारी आज्ञांचा तक्ता आणि शेवटी जर्नलवर सरांची सही! प्रोग्राम आधी वहीत लिहायचा, तक्त्यात बघून प्रत्येक आज्ञेचा कोड काढायचा आणि एकेक बाइट किटमध्ये भरायचा. मध्येच वीज गेली की पुन्हा श्रीगणेशा.

आज तोच प्रोग्राम लॅपटॉपवर लिहिता येतो आणि सिम्युलेटरवर चालवता येतो. पण साध्या एडिटरमध्ये ८०८५ची आज्ञा आणि किराणा मालाची यादी यांत काहीच फरक दिसत नाही. एडिटरला ही भाषा 'शिकवायची' कशी, ते या लेखात पायरी-पायरीने दिले आहे. उदाहरण व्हिज्युअल स्टुडिओ कोडचे घेतले आहे. (या पानावर आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत, एडिटरमध्ये अर्थातच त्या रोमन लिपीत लिहायच्या.)

थोडी ओळख

इंटेलने ८०८५ हा आठ-बिट मायक्रोप्रोसेसर १९७६ साली आणला. तो ५ व्होल्टच्या एकाच पुरवठ्यावर चालतो, म्हणून नावात शेवटी ५. तो ६४ किलोबाइट मेमरी हाताळतो. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या सोजर्नर या छोट्या गाडीत याच कुटुंबातला ८०सी८५ होता. न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज येथे शिकवणाऱ्या रमेश गावकर यांचे ८०८५वरचे पाठ्यपुस्तक तर भारतातल्या कितीतरी विद्यार्थ्यांनी वापरले.

२५६ शक्य कोडांपैकी इंटेलने २४६ अधिकृतपणे जाहीर केले. संपूर्ण भाषा एका तक्त्यात मावते. म्हणूनच एडिटरची सोय करायला शिकण्यासाठी ही भाषा उत्तम आहे.

पायरी १ : भाषेची नोंद

एक्स्टेन्शन म्हणजे एक फोल्डर. त्यातल्या 'पॅकेज डॉट जेसन' या फाइलमध्ये भाषेचे नाव आणि फाइलचे एक्स्टेन्शन नोंदवायचे. इथेच पहिली अडचण येते. 'डॉट एएसएम' हे शेपूट झेड८०, ६५०२ आणि आजच्या इंटेल प्रोसेसरच्या फाइलींनाही असते. आपण ते घेतले तर दुसऱ्याच भाषेच्या फाइलीला आपले रंग लागतील. त्यामुळे 'डॉट ए८५' असे काही वेगळे शेपूट घ्यावे.

दुसऱ्या छोट्या फाइलमध्ये टीप कोणत्या चिन्हाने सुरू होते ते सांगायचे. ८०८५मध्ये ते अर्धविराम आहे. एवढे केले की कंट्रोल आणि तिरकी रेघ दाबून ओळ टीप बनवता येते.

पायरी २ : रंग

रंगांसाठी टेक्स्टमेट पद्धतीचे व्याकरण लिहावे लागते. ही पद्धत टेक्स्टमेट या मॅकवरच्या एडिटरमधून (२००४) आली. त्यात रेग्युलर एक्स्प्रेशनचे नियम असतात. एडिटर प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे वाचतो. जो नियम सर्वांत आधी जुळेल तो लागू होतो आणि एकाच जागी दोन जुळले तर यादीत वर असलेला जिंकतो. म्हणून नियमांचा क्रम महत्त्वाचा.

उदाहरणार्थ, '१०११बी' हा बायनरी आकडा, पण '१०११बीएच' हा हेक्साडेसिमल. बायनरीचा नियम वर असेल आणि शब्द कुठे संपतो याची अट त्यात नसेल, तर शेवटचा 'एच' बिनरंगाचा उरतो. तसेच हेक्स आकडा नेहमी अंकाने सुरू व्हायला हवा. 'एफएफएच' असे लिहिले तर असेंब्लर ते लेबल समजतो. '०एफएफएच' असे लिहावे लागते. रंग बरोबर लागले की ही चूक नजरेतच भरते.

पायरी ३ : आज्ञांचा तक्ता

आज्ञेवर माउस नेला की माहितीची चौकट उघडावी, यासाठी तक्ता टाइप करावा लागतो. प्रत्येक आज्ञेसाठी कोड, बाइट, टी-स्टेट आणि बदलणारे फ्लॅग हवेत. नमुन्यादाखल :

- एमव्हीआय सी, मूल्य : ०ई; २ बाइट; ७ टी-स्टेट; फ्लॅग बदलत नाहीत
- डीसीआर सी : ०डी, १ बाइट, ४ टी-स्टेट, कॅरी सोडून बाकी फ्लॅग बदलतात
- डीसीएक्स बी : ०बी, १ बाइट, ६ टी-स्टेट, फ्लॅग बदलत नाहीत
- जेएनझेड पत्ता : सी२, ३ बाइट, उडी घेतली तर १०, नाहीतर ७ टी-स्टेट, फ्लॅग बदलत नाहीत

या तक्त्याचा उपयोग बघा. 'सी'मध्ये ०एफएफएच भरून डीसीआर आणि जेएनझेड यांचा लूप फिरवला, तर एकूण ७ + (२५४ × १४) + ११ = ३५७४ टी-स्टेट होतात. ३.०७२ मेगाहर्ट्झवर हा वेळ सुमारे १.१६ मिलिसेकंद येतो.

इथे एक स्वानुभव. मी पहिला तक्ता आठवणीतून भरला आणि डीसीएक्सपुढे 'झीरो फ्लॅग बदलतो' असे लिहून बसलो. मुलीने त्यावर विश्वास ठेवून सोळा-बिट मोजणीचा लूप लिहिला. लूप थांबेचना! ती संध्याकाळभर स्वतःची चूक शोधत राहिली आणि शेवटी "बाबा, मला हे जमत नाही" म्हणाली. चूक माझी होती. डीसीएक्स फ्लॅगला हात लावत नाही. त्यानंतर 'एमओव्ही ए, बी' आणि 'ओआरए सी' करूनच शून्य तपासावे लागते. एडिटर जे सांगतो ते मुलांना वेदवाक्य वाटते. म्हणून प्रत्येक ओळ इंटेलच्या मॅन्युअलशी ताडून बघा, आणि शक्य असेल तर दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या.

पायरी ४ : लेबले आणि चुका

चौकट दाखवणे, लेबलाच्या मूळ जागी जाणे आणि चुकांखाली लाल रेघ ओढणे ही कामे वेगळा प्रोग्राम करतो. त्याला लँग्वेज सर्व्हर म्हणतात. तो आणि एडिटर एकमेकांशी ज्या नियमांनी बोलतात, तो लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल २०१६ साली खुला झाला. त्यामुळे तोच सर्व्हर थोड्या जुळवणीने निओव्हिम किंवा ईमॅक्समध्येही चालतो.

सर्व्हरला फाइल दोनदा वाचावी लागते, अगदी असेंब्लरसारखी. पहिल्या फेरीत प्रत्येक आज्ञेचे बाइट मोजून लेबलांचे पत्ते काढायचे. दुसऱ्या फेरीत वापरलेले प्रत्येक लेबल आहे का ते तपासायचे. याशिवाय पुढील चुका जरूर पकडाव्यात :

- एकच लेबल दोनदा लिहिणे
- एमव्हीआयमध्ये एका बाइटात न मावणारी किंमत
- 'पुश ए' (बरोबर रूप 'पुश पीएसडब्ल्यू')
- 'एलडीएएक्स एच' (फक्त बी आणि डी चालतात)
- 'एमओव्ही एम, एम' : ही आज्ञाच नाही. तिच्या जागी येणारा ७६ हा कोड इंटेलने एचएलटीला, म्हणजे थांबण्याला दिला आहे

पायरी ५ : मराठी टिपा

मुलांनी टिपा मराठीत लिहिल्या तर फारच छान. फाइल यूटीएफ-८मध्ये साठवा. मात्र एक खाचखळगा आहे. प्रोटोकॉलमध्ये ओळीतली जागा मुळात यूटीएफ-१६च्या एककांत मोजतात, तर यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. सर्व्हर बाइट मोजत असेल आणि एडिटर फक्त बदललेला भाग पाठवत असेल, तर मराठी टिपेत दुरुस्ती केल्यावर सर्व्हरकडची प्रत बिघडते आणि भलत्याच जागी लाल रेघा उमटतात. सोपा उपाय म्हणजे प्रत्येक बदलाला पूर्ण फाइल मागवणे. आपले प्रोग्राम इतके छोटे असतात की वेळेचा फरक जाणवत नाही.

सुरुवात कुठून करावी?

पहिल्या शनिवार-रविवारी फक्त नोंद आणि रंग करा. पुढे महिनाभर मुलांबरोबर बसून रोज दहा आज्ञा तक्त्यात भरा. माळ्यावर किंवा देशातल्या घरी जुने जर्नल पडले असेल तर ते मागवून घ्या. त्यातले प्रयोग नव्या एडिटरची परीक्षा घ्यायला उत्तम. वहीतला हाताने काढलेला कोड आणि असेंब्लरने दिलेला कोड जुळला की मिळणारा आनंद सरांच्या सहीपेक्षा कमी नाही!