मुंबईला आणखी एक व्यावसायिक संघ पेलेल?

विशेष प्रतिनिधी

कोणत्याही खेळाची नवी लीग जाहीर झाली की संघांच्या यादीत मुंबईचे नाव बहुधा असतेच. २००५पासून क्रिकेट, फुटबॉल, हॉकी, कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटन या खेळांत मुंबईच्या नावाचे डझनभर व्यावसायिक संघ मैदानात उतरले. त्यांतील अनेकांचे आज नावही आठवत नाही. त्यामुळे पुढचा संघ येण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. समुद्रकाठच्या या दमट, गजबजलेल्या महानगराला आणखी एक संघ खरोखर पोसता येईल का?

लोकसंख्येचे गणित सोपे आहे. २०११च्या जनगणनेनुसार मुंबई शहर आणि उपनगर मिळून सुमारे सव्वा कोटी लोक राहतात. ठाणे, नवी मुंबई, कल्याणसह महानगराची लोकसंख्या तेव्हाच एक कोटी ८४ लाखांवर गेली होती. जगातील अनेक शहरे याहून कमी लोकसंख्येवर चार-पाच संघ चालवतात. मोठ्या कंपन्यांची मुख्यालयेही येथेच आहेत. तरीही संघ टिकत नसतील, तर दुखणे दुसरीकडे आहे.

टिकलेले आणि गेलेले

टिकलेल्यांत पहिले नाव मुंबई इंडियन्सचे. २००८मध्ये ११ कोटी १९ लाख डॉलरना विकला गेलेला हा संघ आयपीएलमध्ये पाच वेळा विजेता ठरला. २०२३मध्ये महिलांच्या प्रीमियर लीगसाठी ९१२ कोटी ९९ लाख रुपये मोजून महिला संघ उभा राहिला आणि त्याने २०२३ व २०२५ अशी दोन विजेतीपदे मिळवली. कबड्डीत २०१४पासून यू मुंबा आहे. फुटबॉलमध्ये त्याच वर्षी मुंबई सिटी एफसी आली. तिने इंडियन सुपर लीगचा करंडक २०२०-२१ आणि २०२३-२४मध्ये जिंकला.

गेलेल्यांची यादी बरीच मोठी आहे. क्रिकेटमधील मुंबई चॅम्प्स हा बंडखोर इंडियन क्रिकेट लीगचा संघ २००७ ते २००९ एवढाच जगला. क्रिकेट मंडळाची मैदाने त्या लीगला बंद असल्याने मुंबईचा संघ पंचकुलात खेळत असे. हॉकीत २०१२च्या वर्ल्ड सीरिजमध्ये मुंबई मरीन्स होता, २०१३मध्ये हॉकी इंडिया लीगचा मुंबई मॅजिशियन्स आला आणि २०१५मध्ये त्याची जागा दबंग मुंबईने घेतली. २०१७मध्ये दबंग मुंबईने अंतिम फेरी गाठली, पण त्यानंतर लीगच थांबली. २०२४च्या अखेरीस ती पुन्हा सुरू झाली तेव्हा पुरुषांच्या आठ संघांत मुंबईचा एकही संघ नव्हता.

ही यादी नीट पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. यातील बहुतेक संघ रिकाम्या प्रेक्षागारामुळे बंद झालेले नाहीत. लीग संपली किंवा मालकाने हात आखडता घेतला, म्हणून ते गेले.

दोन फुटबॉल संघांचा प्रयोग

एका शहरात एकाच खेळाचे दोन संघ नांदतील का, याची परीक्षा मुंबईने दिलेली आहे. फुटबॉल येथे नवखा नाही. रोव्हर्स कप १८९१मध्ये सुरू झाला आणि कूपरेजच्या मैदानावर देशभरातील संघ येत राहिले. महिंद्र युनायटेडने २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकली. पण २०१०मध्ये कंपनीने संघ बंद केला आणि आपला भर शालेय फुटबॉलवर दिला.

त्याआधी २००७मध्ये एस्सेल समूहाने मुंबई एफसीची स्थापना केली होती. कूपरेजचे नूतनीकरण चालू असताना या क्लबला आपले 'घरचे' सामने पुण्याच्या बालेवाडीत खेळावे लागले. मुंबईचा संघ, पण मुंबईचा प्रेक्षक दीडशे किलोमीटर दूर, अशी ही अवस्था होती. २०१४ ते २०१७ या काळात मुंबई एफसी आय-लीगमध्ये आणि मुंबई सिटी सुपर लीगमध्ये, असे दोन संघ शहरात होते. एकाकडे चित्रपट तारे व दूरचित्रवाणीचा झगमगाट होता, दुसऱ्याकडे स्थानिक खेळाडू आणि मोजके निष्ठावंत.

२०१६-१७च्या हंगामात मुंबई एफसीची खालच्या श्रेणीत घसरण झाली आणि क्लबने गाशा गुंडाळला. योगायोग असा की, अनेक वर्षे या क्लबचे प्रशिक्षक राहिलेल्या खालिद जमील यांनी त्याच हंगामात मिझोरामच्या ऐजॉल एफसीला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले. मुंबईच्या तुलनेत इवल्याशा असलेल्या शहराने सव्वा कोटींच्या नगरीला दिलेला हा धडा होता.

हवा आणि पाऊस

किनारी हवामान हा अडसर आहे, पण वाटतो तेवढा मोठा नाही. मार्च ते मेमध्ये मुंबईचा पारा बहुधा ३३-३४ अंशांच्या आसपास असतो. त्रास होतो तो दमटपणाचा. घाम वाळत नाही, त्यामुळे शरीराची उष्णता बाहेर पडत नाही आणि खेळाडू लवकर थकतो. उष्णता व दमटपणा एकत्र मोजणारा निर्देशांक ३२ अंशांवर गेला की फुटबॉलमध्ये पाणी पिण्यासाठी खेळ थांबवण्याची तरतूद आहे. शिवाय बहुतेक सामने आता दिव्यांच्या प्रकाशात होतात.

खरी मर्यादा पावसाची. जून ते सप्टेंबर हे चार महिने उघड्या मैदानावरील व्यावसायिक खेळ जवळजवळ अशक्य होतो. १९४८पासून पावसाळ्यात खेळली जाणारी कांगा लीग हा मुंबईचा अभिमान आहे. पण चिखलात खेळण्याची ती हौस तिकीट काढलेल्या प्रेक्षकाला आणि प्रक्षेपणासाठी पैसे मोजणाऱ्या वाहिनीला चालत नाही. त्यातच पावसाचे वेळापत्रकही बेभरवशाचे झाले आहे. २०२५मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला नवी मुंबईत झालेला महिला विश्वचषकाचा अंतिम सामना पावसामुळे दोन तास उशिरा सुरू झाला.

उन्हाळ्यात पाण्याचाही प्रश्न असतो. २०१६च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागत असताना खेळपट्ट्यांवर पाणी ओतावे का, हा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. १३ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश दिला आणि अंतिम सामना मुंबईऐवजी बंगळुरूला झाला. उन्हाळ्यात आणखी एक मैदानी संघ आणायचा तर मैदानाला प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरण्याची सोय आधी हवी.

मैदान कोणाचे?

मुंबईतील सर्वांत महाग वस्तू म्हणजे जमीन, आणि संघाला सर्वांत आधी लागते तीच. वानखेडेवर सुमारे ३३ हजार प्रेक्षक बसतात, पण ते क्रिकेटचे मैदान आहे. नेरुळचे डी. वाय. पाटील स्टेडियम मोठे आहे. मात्र अंधेरी वा बोरिवलीच्या नोकरदाराला कामाच्या दिवशी तेथे पोचणे आणि रात्री अकरानंतर परतणे म्हणजे कसरतच. मुंबई सिटीने पहिले दोन हंगाम तेथेच काढले. १८ ऑक्टोबर २०१४ रोजी एफसी पुणे सिटीचा ५-० असा पराभव झाला तोही याच मैदानावर.

२०१६मध्ये क्लब अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलात आला. मेट्रो जवळ, मैदान आटोपशीर, प्रेक्षक खेळाच्या अगदी निकट. पण क्षमता सात हजारांच्या आसपास. २०२३मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगसाठी मुंबई सिटी पात्र ठरली तेव्हा तिला घरचे सामने अंधेरीबाहेर न्यावे लागले. इराणच्या संघाविरुद्धचा सामना पुण्याला झाला आणि सौदी अरेबियाच्या अल हिलालविरुद्धचा नेरुळला. पंधरा-वीस हजार प्रेक्षकांचे, रेल्वे वा मेट्रोच्या दारातले आणि क्रिकेटेतर खेळांसाठी असलेले मैदान मुंबईत नाही. सगळ्या अडचणींचे मूळ येथे आहे.

बंदिस्त सभागृहातील खेळांना पावसाचा अडथळा नाही. वरळीच्या एनएससीआय संकुलात २०१४ आणि २०१५चे प्रो कबड्डीचे अंतिम सामने गाजले. २०१५मध्ये यू मुंबाने तेथेच बंगळुरू बुल्सला ३६-३० असे हरवून विजेतेपद मिळवले. गिरणगावात रुजलेल्या खेळाला हक्काचे घर मिळाल्याचे तेव्हा वाटले. परंतु २०२४च्या अखेरीचा आणि २०२५चा असे दोन्ही हंगाम मोजक्या शहरांत खेळवले गेले व त्यांत मुंबई नव्हती. व्हॉलीबॉलच्या मुंबई मीटिऑर्सने २०२५मध्ये अंतिम फेरी गाठली, पण ती सगळी स्पर्धा हैदराबादला झाली. ज्या संघाला त्याच्या शहरातील माणूस तिकीट काढून पाहू शकत नाही, त्याला त्या शहराचा संघ का म्हणावे?

पैसा कोठून येतो?

आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांना ४८ हजार ३९० कोटी रुपये मिळाले. त्यातील वाटा प्रत्येक संघाला मिळतो. त्यामुळे तिकीटविक्री ही त्याच्या दृष्टीने वरकमाई ठरते. इतर खेळांत असा आधार नाही. तेथे संघ मालकाच्या खिशावर जगतो आणि लीग डळमळली की मालकही डळमळतो.

मुंबई सिटी हे त्याचे ताजे उदाहरण. मँचेस्टर सिटीचा मालक असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने २०१९मध्ये या क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला. मैदानावर यश मिळाले. पण फुटबॉल महासंघाचा व्यापारी भागीदाराशी २०१०मध्ये झालेला पंधरा वर्षांचा करार संपत आला, नव्याचा पत्ता नव्हता आणि २०२५-२६चा हंगाम वेळेवर सुरू होऊ शकला नाही. डिसेंबर २०२५मध्ये या समूहाने क्लबमधून अंग काढून घेतले. करंडक जिंकणाऱ्या संघाची ही गत, तर नवख्याचे काय?

पुणे, कोची आणि मायामी

पुण्याचा अनुभवही हेच सांगतो. आयपीएलचा पुणे वॉरियर्स २०११ ते २०१३ असा तीन हंगाम खेळला. संघाच्या शुल्कावरून मालक आणि मंडळ यांच्यात वाद झाला व संघ गेला. एफसी पुणे सिटी २०१९मध्ये हैदराबादला गेली. कबड्डीतील पुणेरी पलटण मात्र टिकली आणि मार्च २०२४मध्ये विजेती ठरली.

किनाऱ्यावरील कोचीची हवा मुंबईइतकीच दमट. तेथील आयपीएल संघ कोची टस्कर्स २०११च्या एकाच हंगामात संपला, कारण बँक हमीची पूर्तता झाली नाही. त्याच शहरात केरळ ब्लास्टर्सच्या फुटबॉल सामन्यांना मात्र पिवळ्या सदऱ्यांचा सागर उसळतो. हवा तीच, माणसे तीच. फरक पडला तो खेळाशी असलेल्या नात्याचा.

अमेरिकेतील मायामीही असेच उष्ण किनारी शहर. तेथील मायामी फ्यूजन हा फुटबॉल संघ १९९८मध्ये आला आणि २००१च्या हंगामानंतर बंद झाला. २०२०मध्ये इंटर मायामीने पुन्हा सुरुवात केली, तीही फोर्ट लॉडरडेल येथे, फ्यूजनच्याच जुन्या मैदानाच्या जागी नवे स्टेडियम उभारून. पहिल्यांदा हरलेले शहर दुसऱ्यांदा जिंकू शकते. पण आधी घर बांधावे लागते.

अटी कोणत्या?

तेव्हा उत्तर 'हो' असे आहे, पण अटींसह. क्रिकेटमध्ये दुसऱ्या पुरुष संघाची शक्यता नजीकच्या काळात दिसत नाही. २०२१मध्ये आयपीएलचे दोन नवे संघ विकले गेले तेव्हा अहमदाबाद, लखनौ, इंदूर, कटक, गुवाहाटी आणि धरमशाला या शहरांचाच विचार झाला होता. वाव आहे तो फुटबॉल, हॉकी आणि बंदिस्त सभागृहातील खेळांना. त्यासाठी संघाचे किमान निम्मे सामने मुंबईत व्हावेत, महापालिकेने मैदान वर्षावर्षाच्या परवानगीऐवजी दीर्घ मुदतीने द्यावे, आणि मालकाकडून खेळाडूंच्या करारांची हमी आधीच घ्यावी.

शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. रेल्वे, एअर इंडिया, बँका आणि गिरण्यांच्या संघांत खेळाडूला पगार कमी असे, पण नोकरी असे. बूट खुंटीला टांगल्यावरही घर चालत असे. व्यावसायिक संघाने रक्कम वाढवली आणि शाश्वती काढून घेतली. संघ बंद झाला की मालक दुसऱ्या धंद्याकडे वळतो, प्रेक्षक दुसरी वाहिनी लावतो. पंचविशीतल्या खेळाडूला मात्र दुसरे काही शिकलेले नसते. मुंबईला आणखी एक संघ हवा असेल तर त्याच्या सलामीच्या सामन्याची तारीख विचारण्याआधी त्याच्या दहाव्या हंगामाची तरतूद विचारायला हवी.