जोहार, रामराम, जयभीम



माझा आजा इंझोरीचा. तालुका मानोरा, जिल्हा वाशीम. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण ऐकलेलं-पाहिलेलं सगळं त्याच्या ध्यानात. तो सांगायचा, त्याचा बाप गावात कुणाच्या दारी गेला की अंगणाबाहेर थांबून आधी ‘जोहार’ घालायचा. आतून उत्तर यायचं ‘काय रे?’ कधी तेही नाही.

मी तेव्हा आठवीत असेन. विचारलं, “आबा, तुमचा बाप मनापासून म्हने का जोहार?”

आबा हसला. म्हणाला, “मनाचं कोन पुसते बाप्पा? मान वाकली का नाही, थे पायत.”

शिकलेली माणसं म्हणतात, नमस्कार-रामराम सगळं तोंडदेखलं असतं, मनात काही नसतं. असेल. पण ज्याला नमस्कार करायचा की नाही हे स्वतः ठरवता येतं, त्याच्याच मनाची चौकशी करता येते. आमच्या पणज्याचा जोहार हा वसूल केला जाणारा सारा होता. सारा भरणाऱ्याला कोणी विचारत नाही, बाबा, तू खुशीनं भरतोस का?

जातीनं आपल्याला कामं वाटून दिली, वस्त्या वाटून दिल्या, हे आपण भाषणात सांगतो. अभिवादनंही वाटून दिली होती, हे सांगत नाही. नमस्कार ब्राह्मणाचा. रामराम कुणब्या-मराठ्याचा. जोहार महाराचा. माणसानं तोंड उघडलं की जात कळली पाहिजे, ही त्यामागची सोय.

ही नुसती रीत नव्हती, हिच्यामागे सरकार उभं होतं. पेशवाईत सोनार स्वतःला दैवज्ञ ब्राह्मण म्हणवू लागले, ब्राह्मणांसारखं निऱ्या काढून धोतर नेसू लागले आणि ‘नमस्कार’ म्हणू लागले. ब्राह्मणांना ते खपलं नाही. पेशव्यांच्या जोरावर त्यांनी ते बंद पाडलं. मुंबईत इंग्रजांचा अंमल होता, तर तिथल्या कंपनी सरकारकडूनही १७७९ साली सोनारांवर मनाईहुकूम काढवला. बाबासाहेबांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये, म्हणजे १९३६ साली, ही हकिगत सांगितली आहे. विचार करा. सोनार अस्पृश्य नव्हते. तरी एका शब्दासाठी दोन सरकारं हलली. मग आमच्या पणज्यानं अंगणाबाहेरून ‘नमस्कार’ म्हटलं असतं तर काय झालं असतं?

संतांच्या काळातही हेच दिसतं. चौदाव्या शतकात चोखोबांनी विठ्ठलालाच जोहार घातला. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी महाराच्या तोंडून बोलणारी भारुडं रचली, त्यांनाही ‘जोहार’च म्हणतात. चोखोबांच्या जोहारात मन होतं, याची मला खात्री आहे. पण देवापुढे जातानाही त्यांच्याजवळ शब्द होता तो गावकीच्या नोकराचाच. मन मोकळं होतं, भाषा बांधलेली होती.

शब्दाचा मात्र दोष नाही. झारखंडात आदिवासी आजही एकमेकांना अभिमानानं ‘जोहार’ म्हणतात. एक म्हणतो जोहार, दुसरा म्हणतो जोहार. आमच्या गावात एक जोहार म्हणे आणि दुसरा ‘काय रे’ म्हणे. जुलूम होता तो या ‘काय रे’मध्ये.

आता कामठीला या. नागपूरजवळचं हे गाव. तिथे १९०४ साली हरदास लक्ष्मणराव नगराळे जन्मले. लोक त्यांना बाबू हरदास एल. एन. म्हणत. बाबासाहेबांच्या चळवळीतले कार्यकर्ते. विडी कामगारांना त्यांनी संघटित केलं. १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात निवडून गेले. १२ जानेवारी १९३९ ला क्षयानं वारले. उणंपुरं पस्तीस वर्षांचं आयुष्य.

‘जयभीम’ हे अभिवादन रुजवलं ते त्यांनी, १९३५ च्या सुमारास. असं सांगतात की, मुसलमान एकमेकांना सलाम करतात, त्याचा अर्थ त्यांनी एका मौलवीकडून समजून घेतला. एकानं सलाम करायचा, दुसऱ्यानं तोच परत करायचा. हे त्यांना भावलं. आधी ‘जयभीम’ला ‘बलभीम’ असं उत्तर ठरवलं होतं. पुढे लोकांनीच ते सोडलं आणि जयभीमला जयभीम हेच उत्तर झालं. मला यात लोकांचं शहाणपण दिसतं. जो शब्द गेला तोच परत आला. वर कोणी नाही, खाली कोणी नाही.

मग १४ ऑक्टोबर १९५६. नागपूरला बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्या. दुसरी प्रतिज्ञा राम-कृष्णांना देव न मानण्याची. ती घेतल्यावर आपल्या तोंडी ‘रामराम’ राहिला तर तो खोटाच. जोहार सोडला तो अपमानाचा म्हणून, रामराम सोडला तो मनात नाही म्हणून. मनाचा प्रश्न आपल्या इतिहासात इथे पहिल्यांदा आला, कारण आता निवड आपली होती.

म्हणूनच आता हिशेब आपल्याकडे मागायचा. निवडणुकीत उमेदवार विहारात येतो, हात उंच करून जयभीम म्हणतो. तो खोटा आहे हे आपल्या पोरासोरांनाही कळतं. त्याचं सोडा. आपलं काय? पत्रावर आपण लिहितो ‘सप्रेम जयभीम’, ‘क्रांतिकारी जयभीम’. आता मोबाईलवर ‘कडक जयभीम’. शब्द पोकळ होत चालला की त्याला विशेषणांचे टेकू लावावे लागतात.

माझंच सांगतो. मी अकोल्यात डाळमिलमध्ये पोती उचलतो. तिथे डाळ निवडणाऱ्या बायांमध्ये आपल्या समाजाची एक म्हातारी आहे. रोज सकाळी फाटकाशी म्हणते, “जयभीम, बाबू.” मीही म्हणतो. एका हप्त्याला मुनीमनं तिची दोन दिवसांची मजुरी कापली. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. मी मोबाईलमध्ये तोंड घातलं. खिशात त्याच रात्रीच्या कवितावाचनासाठी लिहिलेली कविता होती. तिच्यात जयभीम तीन वेळा आला होता.

सोमवारी ती फाटकाशी नेहमीसारखीच म्हणाली, “जयभीम, बाबू.” माझ्या तोंडून शब्द फुटेना. माझा पणजा सक्तीनं जोहार म्हणत होता, त्याचं मन कोणी विचारलं नाही. मला सक्ती कोणाचीच नव्हती. तरी माझा जयभीम खोटा निघाला.

बाबू हरदासांनी हा शब्द रुजवला आणि विडी वळणाऱ्यांची संघटनाही बांधली. दोन कामं वेगळी नव्हती. जयभीम म्हणजे ‘मी तुझ्या बाजूला उभा आहे’ असा दिलेला शब्द. तो मनात आहे की नाही हे छाती फाडून दाखवायची गरज नाही. मजुरी कापली जाते तेव्हा कोण उठतो, त्यावरून कळतं.

पुढच्या हप्त्याला आम्ही चौघं मुनीमकडे गेलो. बराच वाद झाला. एका दिवसाची मजुरी परत मिळाली, दुसऱ्या दिवसाची अजून नाही. ती मागणं चालू आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी तिच्या आधी मीच म्हणालो, “जयभीम, आजी.”

ती म्हणाली, “जयभीम.”