जामीन कोण राहिलं? उपनगरांतल्या सहकारी घरांची गोष्ट

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली कुठेही जा, जुन्या इमारतीच्या फाटकावर पाटी दिसते : अमुक सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित. ही पाटी आपण रोज पाहतो, पण त्या संस्थेला पैसे दिले कोणी, आणि कोणाच्या भरवशावर, हे सहसा विचारत नाही. आज तेवढंच विचारू.

1957 मध्ये मुंबई महापालिकेची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. तोवर या पट्ट्यात गावठाणं होती, भातखाचरं होती. जमीन शहरापेक्षा स्वस्त आणि लोकलगाडी दाराशी. पण कारकुनाकडे रोकड कुठून येणार? बँका तेव्हा व्यापाराला कर्ज देत, पगारदाराच्या घराला नव्हे. सावकार सोनं मागे. पगार नियमित, तारण शून्य, अशी ही माणसं.

सरकार 1954 च्या अल्प उत्पन्न गट योजनेतून पुढे आलं. वर्षाला 6,000 रुपयांच्या आत मिळकत असेल, तर घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंत, पण 8,000 रुपयांच्या आत कर्ज. मात्र सरकारी तिजोरी अशी किती पुरणार! खरा बदल नंतर झाला. 1956 मध्ये आयुर्विमा महामंडळ स्थापन झालं. लोकांच्या हप्त्यांचा पैसा तिथे साठू लागला, आणि तो दीर्घ मुदतीचा होता. 1960 मध्ये महाराष्ट्रात सहकारी गृहवित्ताची शिखर संस्था उभी राहिली. विमा महामंडळाने तिला कर्ज द्यायचं, राज्य सरकारने त्याची हमी घ्यायची, शिखर संस्थेने ते सोसायट्यांना द्यायचं, आणि सोसायटीने सभासदांकडून हप्ते गोळा करायचे. म्हणजे पैसा विमेदारांचा, आणि सरकारचं मुख्यतः नाव. त्या नावाला वजन होतं बरं का.

अमेरिकेत 1949 च्या गृहनिर्माण कायद्याने खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्याला घरासाठी सरकारी कर्ज खुलं केलं. तिथे ऋणको एकटा. इथे ऋणको सोसायटी. जमीन, इमारत सगळं एकत्र गहाण. एका बिऱ्हाडाचा हप्ता थकला की ओझं सगळ्यांवर. त्यामुळे शेजारी निवडताना लोक फार जपून निवडत. ओळखीचा, आपल्या कचेरीतला, आपल्या गावचा. आणि, स्पष्टच बोलू या, आपल्या जातीचा.

हे आधीपासूनच होतं. गावदेवीची सारस्वतांची सोसायटी 1915 ची, वांद्र्याची साष्टी कॅथलिक सोसायटी 1918 ची. नावंच पाहा. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या प्रकरणात सभासदत्व समाजापुरतं ठेवणारा पोटनियम वैध मानला. संघटनेचं स्वातंत्र्य म्हणून तो युक्तिवाद आम्हाला समजतो. पण तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला एक प्रश्न पडतोच : हमी सगळ्या जनतेच्या नावाने दिली असेल, तर कुंपण एका समाजाचं कसं? त्याच उपनगरांत बांधकामावर राबणारा, झोपडीत राहणारा माणूस या साखळीत कुठेच बसत नव्हता. त्याच्याकडे पगाराची पावती नव्हती आणि त्याला सभासद करून घेणारं मंडळही नव्हतं. आमच्या मते व्यवस्था हुशारीची होती. तिने हजारो बिऱ्हाडं भाड्याच्या खोलीतून बाहेर काढली. ती न्याय्य होती असं मात्र म्हणवत नाही.

1985 मध्ये जागतिक बँकेच्या मदतीचा प्रकल्प आला, तेव्हा कांदिवलीच्या चारकोपमध्ये वेगळा प्रयोग झाला. लहान लहान भूखंड, मधे अंगण, आणि त्याभोवतीच्या सुमारे 35 कुटुंबांची एक सोसायटी. मोठे आणि व्यापारी भूखंड महाग विकून लहानांचा भार हलका केला. इथे शेजार आधी जमिनीच्या आखणीने ठरला.

त्याआधीच, 1977 मध्ये, हसमुखभाई पारेखांनी एचडीएफसी काढली आणि कर्ज थेट माणसाच्या नावावर जाऊ लागलं. 2015 च्या पंतप्रधान आवास योजनेतलं व्याजाचं अनुदानही त्याच्याच कर्जखात्यात जमा होई. शेजाऱ्याचा हप्ता थकला का, हे आता सोसायटीला कळतही नाही. बँकेसाठी ती 'ना हरकत' दाखला देते, सेक्रेटरीची सही आणि शिक्का मारून.