मंडईचा मनोरा आणि आपली कमान

शाळा सुटली की आपल्यातले निम्मेअधिक जण मंडईवरूनच घरी जायचे. आई भाजी घेईपर्यंत मी मान वर करून मनोरा बघत उभी राहायची. त्या इमारतीची गोष्ट मात्र मला चाळिशीत कळली.

पूर्वी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात, उघड्यावर भरे. नगरपालिकेने बांधीव मंडईचा घाट घातला. आराखडा कर्नल वॉल्टर ड्यूकेट यांचा, बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकर यांचे. १८८६ मध्ये इमारत उभी राहिली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले. गॉथिक वळणाची दगडी घडण, मधोमध अष्टकोनी मनोरा, त्यापासून निघालेल्या लांब शाखा आणि उंच उतरती छपरे. छप्पर उंच असल्याने गरम हवा वर जाते. खाली माणसे आणि भाजी दोन्ही सावलीत राहतात. आज ही वास्तू शहराच्या वारसा यादीत आहे.

या खर्चाला विरोध करणाऱ्यांत जोतीराव फुले होते. १८७६ ते १८८२ ते नगरपालिकेचे सदस्य होते. त्यांच्या घरचा व्यवसाय फुलांचा आणि भाजीचा. स्वतः बांधकामाची कंत्राटे घेतलेला हा माणूस. त्यांना बाजाराची गरज कळत नव्हती असे कोण म्हणेल? त्यांचे म्हणणे एवढेच, की हा पैसा आधी गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा. तेव्हा कोणी ऐकले नाही. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्याच मंडईला फुल्यांचे नाव दिले गेले.

शाळेत हे वाचले असते तर परीक्षेपुरते पाठ करून विसरले असते. आता विसरता येत नाही, कारण आपल्या मागच्या बैठकीत निधीतून प्रवेशद्वाराची कमान बांधावी की प्रयोगशाळा दुरुस्त करावी, असा प्रश्न आला, तेव्हा मी कमानीसाठी हात वर केला होता. कमानीवर आपल्या तुकडीचे नाव येणार होते ना!

मंडई मला आजही तितकीच आवडते. त्या छपराखाली पिढ्यान्‌पिढ्या लोकांचे पोट भरले, हेही खरेच. पण आपल्या शाळेतल्या मुलांना आज सूक्ष्मदर्शक आळीपाळीने बघावा लागतो. पुढच्या बैठकीत माझा हात प्रयोगशाळेसाठी वर असेल. बाई, तुम्ही हजर असाल तर मोजून घ्या.